खळीच्या मागावर

आषाढातल्या ओल्या दुपारी कुणीतरी कपाटाच्या वरच्या खणातून जुनं पुस्तक ओढून काढतं. कापडी बांधणी, पाठीवरची सोनेरी अक्षरं पुसट झालेली. पान उलटलं की शिवणीच्या खाचेतून एक चंदेरी रेघ सुटते, अंगठ्याजवळून निसटते आणि पुठ्ठ्याच्या कडेआड नाहीशी होते. तेवढ्या वेळात डोळ्यांना फक्त तिची चाल सापडते. ते धावणं वाटत नाही; उथळ पाण्यात मासोळी वळावी तशी ती वळते. मराठी घरांत हिला कसर म्हणतात. पुस्तक कशासाठी काढलं होतं ते मग बाजूला राहतं आणि माणूस पानांच्या कडा तपासू लागतो.

कसर लागलेलं पान खरंतर नीट पाहण्यासारखं असतं. वाळवी पुस्तकात शिरली की मातीचे बोगदे मागे ठेवते आणि आतला गाभाच घेऊन जाते. कसरीचं काम वेगळं आहे. ती पृष्ठभाग खरवडते. एखाद्या जागी कागद इतका पातळ होतो की पलीकडचा उजेड दिसतो. जरा पुढे भोक पडलेलं असतं, त्याच्या कडा वेड्यावाकड्या. जुन्या दिवाळी अंकातलं गुळगुळीत रंगीत चित्र अर्धंअधिक गेलेलं असतं आणि शेजारी खरबरीत कागदावर छापलेली कथा जवळजवळ शाबूत. आसपास पिवळट डाग, बारीक काळे कण, आणि बोट फिरवलं तर बोटाला लागणारी चकचकीत भुकटी. ते तिच्या अंगावरचे खवले. मजकुराशी तिला काही घेणंदेणं नाही. कागद ती खाते, पण तिचा पहिला शोध असतो तो पिष्टमय पदार्थांचा.

आणि पुस्तकात पिष्ट सगळीकडे असतं. बाइंडर मैदा शिजवून खळ करतो; अस्तराचा कागद, पाठीवरची पट्टी, पुठ्ठ्यावरचं कापड हे सगळं त्या खळीनेच जागच्या जागी राहतं. जाणते बाइंडर खळ शिजतानाच तिच्यात थोडा मोरचूद टाकत, कारण ही खळ पुढे कुणाला आवडणार आहे हे त्यांना ठाऊक होतं. पुस्तकांबाहेरही तेच. कांजी घालून कडक केलेली सुती पातळं, डिंक लावलेली पाकिटं, अल्बममध्ये चिकटवलेले लग्नातले फोटो, भिंतीला डकवलेला कागद. माणसाने जे जे जोडलं, ताठ केलं, घोटून गुळगुळीत केलं, तिथे तिथे कसर येते. घरातल्या जपणुकीच्या खुणांवरच ती जगते, हे एकदा ध्यानात आलं की तिच्याकडे नुसत्या किळसेने पाहवत नाही.

मराठेशाहीतला कारभार ज्या कागदावर चालला, त्यात जुन्नरचा आणि दौलताबादचा कागद नावाजलेला होता. हातकागदाला खळ द्यायची, वाळवायचं आणि मग गुळगुळीत दगडाने घोटत बसायचं. घोटल्याशिवाय बोरू त्यावर सरसर चालत नाही, शाई फुटते. काजळापासून केलेली शाई आणि असा घोटीव कागद यांची जोडी इतकी पक्की की दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचं मोडी पत्र आजही काळंभोर दिसतं. उन्हाने ती शाई उडत नाही. पन्नास वर्षांपूर्वीची छापील कादंबरी आम्लाने पिवळी पडून हातात तुटते, तेव्हा हा कागद अजून वाकतो, घडी घेतो. पण ज्या खळीने त्याला ही तुकतुकी दिली, तीच कसरीला बोलावते. मोडी कागदपत्रं हाताळणाऱ्यांना हे रोज दिसतं: मायना नीट, मधल्या दोन ओळींत जाळी, तारीख पुन्हा नीट. नेमकं ज्या गावाचं किंवा ज्या माणसाचं नाव हवं असतं तिथेच भोक असावं, असे प्रसंग अभ्यासकांच्या वाट्याला नेहमीचे आहेत.

ज्या वर्षी पुरंदरचा तह झाला, त्याच १६६५ साली लंडनमध्ये रॉबर्ट हूकचं ‘मायक्रोग्राफिया’ प्रसिद्ध झालं. सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेल्या गोष्टींची त्यातली चित्रं अजून थक्क करतात. पिसू आणि उवेची चित्रं सर्वांना माहीत असतात. कसरीचं मात्र फारसं कुणी पाहत नाही. हूकने तिच्यासाठी स्वतंत्र प्रकरण दिलं आहे. निमुळतं शरीर, पुढे दोन लांब मिशा, मागे तीन शेपट्या, आणि अंगभर एकावर एक रचलेले पातळ खवले, ज्यांच्यामुळे ती मोत्यासारखी झळकते, हे सगळं त्याने बारकाईने टिपलं. पुस्तकं खाणारा हा जीव म्हणजे काळाचा एक दात आहे, अशा अर्थाचं त्याने लिहिलं. पण तो तिथे थांबत नाही. एवढासा प्राणी एवढा कोरडा भुसा पोटात ढकलतो आणि त्यावर जगतो, याचं त्याला नवल वाटतं, आणि प्राण्यांच्या पोटात निसर्गाने पेटता ठेवलेल्या अग्नीबद्दल तो भारावून लिहितो. जठराग्नीची कल्पना लहानपणापासून ऐकलेल्या मराठी वाचकाला हूकची ती ओळ परकी वाटू नये. त्याने कसरीच्या नावावर लावलेली काही आरपार भोकं बहुधा दुसऱ्याच किड्यांची होती. पण स्वतःची पुस्तकं खाणाऱ्या जिवाकडे इतक्या आदराने पाहणारा माणूस विरळाच.

हूकला पडलेल्या कोड्याचं एक उत्तर सुमारे तीनशे वर्षांनी मिळालं. कागद म्हणजे सेल्युलोज, आणि ते पचवणं बहुतेक प्राण्यांना जमत नाही. गाय काय किंवा वाळवी काय, पोटातल्या सूक्ष्मजीवांच्या आधाराने ते करतात. १९५६ साली लास्कर आणि गीस या संशोधकांनी कसरीच्या एका जातीवर प्रयोग करून दाखवलं की ती सेल्युलोज पचवणारं विकर स्वतःच्या शरीरात तयार करते. तिच्या काही भाईबंदांना पाणी प्यावंही लागत नाही. शरीराच्या मागच्या टोकाशी असलेल्या खास भागातून ते हवेतली वाफ शोषून घेतात. खायला काही नसलं तरी कसर कित्येक महिने तग धरते. तिला पंख कधीच नव्हते. पंखवाले कीटक पृथ्वीवर येण्याआधीच कीटकांच्या वंशवृक्षावरून तिची फांदी वेगळी निघाली. अंड्यातून बाहेर येते तीच मुळी लहान आकाराची कसर म्हणून. अळी नाही, कोश नाही. आणि बहुतेक कीटक पूर्ण वाढ झाल्यावर कात टाकणं थांबवतात, पण ही प्रौढ झाल्यावरही कात टाकत राहते, तुटलेली मिशी किंवा शेपटी पुढच्या कातेसरशी पुन्हा उगवून घेते.

तिच्या मीलनाची रीत तर आणखी वेगळी. नर आणि मादी समोरासमोर येतात, मिशा थरथरवत एकमेकांना स्पर्श करतात, मागे सरतात, पुन्हा जवळ येतात. मग नर पळतो आणि मादी त्याच्या मागे जाते. शेवटी तो काही बारीक धागे ओढतो, त्यांच्याखाली बीजाची पुडी ठेवतो आणि मादी ती उचलून घेते. कपाटाच्या मागच्या फळीवर, रात्री, कुणी बघत नसताना हे चालतं. बाहेर टीव्हीचा आवाज असतो, कुणीतरी उद्याच्या डब्याची भाजी निवडत असतं.

कसरीचं नाव घेऊन घराघरांत ज्याला झोडपलं जातं तो पुष्कळदा भलताच प्राणी असतो. भिंतीवर, पंख्याच्या कप्प्यावर, गादीखाली करड्या रंगाची चपटी पिशवी दिसते. दोन्ही टोकं उघडी, मधून एक डोकं बाहेर येतं आणि पिशवी ओढत चालू लागतं. अनेकजण यालाच कसर समजतात. ती एका छोट्या पतंगाची अळी. कोळिष्टकं, केस, लोकरीचे धागे हा तिचा आहार. पुस्तकांशी तिचा संबंध फार थोडा. पानातून पानात आरपार गेलेलं नेटकं गोल भोक दिसलं तर ते भुंगेऱ्याच्या अळीचं. हा फरक कळणं गरजेचं आहे, कारण उपाय त्यावरच ठरतो, आणि चुकीच्या प्राण्यावर फवारलेलं औषध शेवटी घरातल्या माणसांच्याच नाकात जातं.

कसर चावत नाही, रोग पसरवत नाही. तिच्या खवल्यांची ॲलर्जी मात्र काहींना होऊ शकते.

तिला हवी असते ती ओल. सर्वसामान्य कसरीला पाऊणशे टक्क्यांच्या पुढची आर्द्रता मानवते, आणि मुंबईत किंवा कोकणात जुलै-ऑगस्टची हवा सहज ऐंशीच्या वर असते. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं. म्हणजे तिथल्या पुस्तकांनी आणि ती सांभाळणाऱ्यांनी जवळजवळ दोनशे पावसाळे काढले. अशा ठिकाणी ग्रंथपालाचं अर्धं काम वाचकांसाठी आणि अर्धं हवेसाठी असतं. घरातही गणित तेच आहे. न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीवर पुस्तकांचं कपाट टेकवलं की कसरीची सोय झालीच. चार बोटं जागा सोडून कपाट उभं केलं, मागून हवा फिरू दिली, गळका नळ वेळेवर दुरुस्त केला, तर निम्मं काम होतं. कपाटाच्या खणात अंथरलेलं वर्तमानपत्र ही बहुतेक मराठी घरांतली सवय. वर्षानुवर्षं न बदललेल्या त्या कागदाखाली कसर अंडी घालते, आणि घर बदलताना पुस्तकं भरून आणलेली पुठ्ठ्याची खोकी पलंगाखाली तशीच राहिली तर तिथेही.

डांबरगोळ्यांवर लोकांचा विश्वास मोठा आहे. पण त्यांची वाफ बंद पेटीत साठली तरच काही करते. उघड्या शेल्फवर त्या नुसता वास देतात. शिवाय हा वास निरुपद्रवी नाही. ज्या बाळांच्या रक्तात जन्मतः एका विकराची कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशी या गोळ्यांतल्या नॅफ्थलीनने फुटू शकतात, म्हणून दुपटी-झबली डांबरगोळ्यांत ठेवू नयेत असं डॉक्टर सांगतात. आजीच्या काळातली वेखंडाची पुरचुंडी या मानाने कितीतरी शहाणपणाची. पोथ्यांच्या बासनात वेखंड, पैठणीच्या घडीत लवंगा, धान्यात आणि कपड्यांत सुकवलेला कडुनिंबाचा पाला. हे उपाय कसर मारत नाहीत, तिला नकोसं करतात, आणि दरवर्षी बदलावे लागतात. हे बदलावं लागणंच बहुधा सर्वांत उपयोगी असावं: पुरचुंडी बदलायची तर बासन सोडावं लागतं, पोथी हलवावी लागते, उजेड आत जातो.

ज्यांना कसर पकडायचीच आहे त्यांच्यासाठी काचेची बरणी पुरते. बाहेरून कागदी चिकटपट्टी गुंडाळायची, आत चमचाभर कणीक टाकायची, रात्री कपाटाशेजारी ठेवायची. खरबरीत पट्टीवरून ती वर चढते, कणकेसाठी आत उतरते, आणि गुळगुळीत काचेवरून तिला परत वर येता येत नाही. सकाळी बेसिनमध्ये अडकलेली कसर दिसते त्याचं कारणही हेच. एखादं मोलाचं पुस्तक लागलंच असेल तर संग्रहालयांत करतात तो उपाय घरीही जमतो: प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून एक-दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवायचं, आणि बाहेर काढल्यावर पूर्ण दिवस पिशवी उघडायची नाही, नाहीतर थंड कागदावर बाष्प धरतं. काच असलेल्या तसबिरी किंवा चामड्याची बांधणी यांच्यावर हा प्रयोग करू नये. उन्हाचंही असंच. आश्विनातलं ऊन पुस्तकांना दाखवावं, पण सावलीत, वाऱ्यावर. थेट उन्हात कागद कडक होतो आणि रंग उडतात. दसऱ्याला ग्रंथांची पूजा येते ती पाऊस सरल्यावर, घर झाडून झाल्यावर. त्या पूजेसाठी का होईना, पुस्तकं खाली उतरत होती.

पोथ्यांच्या अखेरीला लेखनिक काही ओळी लिहून ठेवत. पाठ, कंबर, मान मोडून मी हे लिहिलं आहे, तेव्हा जपून वाचा, असं त्यांचं सांगणं. पोथीही स्वतः बोलते: मला तेलापासून राख, पाण्यापासून राख, सैल बांधणीपासून राख, आणि मूर्खाच्या हाती देऊ नको. या यादीत कसर नाही असं आधी वाटतं. पण सैल बांधणी म्हणजे काय? दोन फळ्यांच्या मध्ये पानं घट्ट दाबून, कापडात गुंडाळून, दोरीने आवळली की पानांत ना हवा शिरते ना किडा. सैल सुटलेली पोथी म्हणजे कसरीला मोकळं दार. चुकलेली अक्षरं खोडायला पोथीवर हरताळ लावत, तेही सोमलाचं विषारी पिवळं खनिज. जिथे तो लागला तिथे किडा सहसा जात नाही. अरबी-फारसी हस्तलिखितांत, भारतातल्याही, पहिल्या किंवा शेवटच्या पानावर ‘या कबीकज’ लिहिलेलं सापडतं. किड्यांच्या राजाला घातलेली ती साद, की त्याने आपल्या प्रजेला या पानांपासून दूर ठेवावं. मुळात कबीकज ही एक विषारी वनस्पती. ती पानांत ठेवत असावेत आणि पुढे नुसतं नाव पुरेसं झालं. लेखकाने आपलं काम अनोळखी भविष्याच्या हवाली करताना केलेली ही प्रार्थना आहे. तिच्यात भाबडेपणा असेल, पण तिच्यामागची काळजी अगदी खरी आहे.

इतिहाससंशोधक विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव दप्तरं शोधत हिंडले ते हीच काळजी घेऊन. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला, पानिपतापर्यंतच्या अकरा वर्षांची पत्रं घेऊन. पुढे एकूण बावीस खंड झाले. १९१० साली त्यांच्याच पुढाकाराने पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. वाड्यांच्या माळ्यांवर, देवघरामागच्या अंधाऱ्या खोल्यांत कागद पडलेले असत आणि घरचे लोक ते दाखवायला तयार नसत. वतनाचे, इनामाचे कागद. परक्याच्या नजरेला पडले तर काय होईल कुणी सांगावं, ही भीती. म्हणून गाठोडी पिढ्यानपिढ्या सुटत नसत. भीतीने जपलेली ती दप्तरं उंदरांनी, वाळवीने आणि कसरीने निवांत वाचली. त्या माळ्यांवर किती पत्रं नाहीशी झाली याचा हिशोब लागणं शक्य नाही, आणि हे लिहिताना मन खरोखर जड होतं. कुठल्यातरी तळाच्या ओळीत एखाद्या विधवेचा अर्ज असेल, दुष्काळातल्या एखाद्या गावाची कैफियत असेल.

परदेशात कसरीची कथा सध्या वेगळं वळण घेते आहे. नॉर्वेत गेल्या दशकभरात लांब शेपटीची करडी कसर नव्याकोऱ्या, कोरड्या, ऊबदार इमारतींत इतकी वाढली की लोक हैराण झाले. मालाच्या खोक्यांतून ती घरोघर पोचते. तिच्या पाठोपाठ एक फिकट, जवळजवळ पारदर्शक जात तिथे सापडू लागली, जिचं पहिलं वर्णन १९१० साली श्रीलंकेतल्या नमुन्यावरून झालं होतं. नॉर्वेतल्या संशोधकांनी घरभर फवारे न मारता भेगांजवळ विषारी आमिषाचे अगदी बारीक ठिपके ठेवून करड्या कसरीला आटोक्यात आणून दाखवलं. घरभर औषध मारून घेणाऱ्यांनी यातलं प्रमाण तरी ध्यानात घ्यायला हवं.

इकडे पुण्याच्या भांडारकर संस्थेतली ऋग्वेदाची तीस हस्तलिखितं २००७ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृतींच्या नोंदीत गेली. २००३ पासून राष्ट्रीय पांडुलिपी मिशनने देशभरातल्या पोथ्यांची नोंद आणि छायांकन हाती घेतलं. पानाची प्रतिमा संगणकात आली की अभ्यासकाला मूळ पान मागवावं लागत नाही, त्याची झीज थांबते, आणि हे चांगलंच आहे. पण ज्या रुमालाची, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गाठोड्याची, प्रतिमा घेऊन झाली तो पुन्हा बांधला जातो, फडताळात जातो, आणि यापुढे त्याला हात लावण्याचं कारण उरत नाही. पूर्वी कुणी ना कुणी तो मागवत असे. निदान त्या निमित्ताने गाठ सुटे, धूळ झटकली जाई, कसरीची वस्ती मोडे. आता ते निमित्त मुद्दाम तयार करावं लागेल: पावसाळा संपला की एकेक रुमाल उतरवायचा, मऊ कुंचल्याने पान न् पान साफ करायचं, वेखंड बदलायचं, पुन्हा आवळून बांधायचं. या कामाला माणसं लागतात, मोडी वाचता येणारी असली तर अधिक चांगलं, कारण वाचणारा माणूस पान सावकाश उलटतो. अशी माणसं जिथे नेमलेली आहेत तिथे आश्विनात खिडक्या उघडतात.